दोन उमेदवार, तिसरं घर

५ सप्टेंबर, बुधवार

डार्ला होकस्ट्राचा फोन आला. गावचं वाचनालय ती कित्येक वर्षं सांभाळते आहे, पण माझ्याशी बोलताना अजून वर्गातल्या मुलीसारखी चाचरते. मी तिला नागरिकशास्त्र शिकवलं होतं.

"सर, ऑक्टोबरची संध्याकाळ या वेळी थोडी वेगळी करावी म्हणतेय."

राष्ट्राध्यक्षाच्या प्रत्येक निवडणुकीआधी वाचनालयाच्या तळघरात मी दोन्ही उमेदवारांच्या योजना मांडतो. कोण कर कुठे वाढवणार, कुठे कमी करणार, सरकार पैसा कशावर घालणार आणि तूट किती पडणार, सगळं दोन रकान्यांत. माझं मत कुणाला हे एल्डन फोर्कमधल्या एकाही माणसाला आजवर कळलेलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

"वेगळी म्हणजे कशी?"

"एमेट क्विग्ली म्हणून एक गृहस्थ आलेत मिनेसोटाहून. लेकीकडे राहायला. आयुष्यभर करखात्यात तपासणीचं काम केलंय त्यांनी. तुम्ही दोघं मिळून केलंत तर..."

"मी कमी पडतो का, डार्ला?"

"तसं नाही हो सर. गेल्या खेपेला खुर्च्या जरा रिकाम्या राहिल्या, एवढंच."

गेल्या खेपेला हवा खराब होती. तसं मी तिला सांगितलं. तरी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर भ्यालो असं दिसलं असतं.

बायकोला, लव्हॉनला, जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "बरं होईल की. तुझंही ओझं कमी होईल." मला ते ओझं वाटतं असं मी तिला कधी म्हणालो आहे?

१३ सप्टेंबर, गुरुवार

क्विग्लीला भेटलो. उंच, खांद्यात वाकलेला, विधुर. स्वेटरचं कोपर उसवलेलं. मी माझे तक्ते उघडले: सिनेटरची योजना डावीकडे, गव्हर्नरबाईंची उजवीकडे. सिनेटर सगळ्यांचा प्राप्तिकर कमी करणार आणि केंद्राच्या खात्यांना कात्री लावणार. गव्हर्नरबाई कंपन्यांवरचा कर वाढवून औषधं, दात आणि म्हाताऱ्यांच्या घरभाड्याला आणखी मदत देणार. खाली दहा वर्षांची तूट, ट्रिलियनमध्ये.

त्याने सगळं नीट वाचलं आणि म्हणाला, "काम चोख आहे, ऑरिन. पण ट्रिलियन कुणाला दिसत नाही. आपण गावातली चार घरं घेऊ या. नावं नाही द्यायची. या घराला सिनेटर आला तर काय, गव्हर्नर आली तर काय, एवढंच सांगायचं."

"हे म्हणजे भाजीबाजारातलं अर्थशास्त्र झालं."

"तिथेच तर सगळे भेटतात," तो म्हणाला आणि हसला. दात स्वतःचे आहेत त्याचे. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

आज जेवताना लव्हॉनने आपणहून विचारलं, "सिनेटरच्या योजनेत एकट्या माणसाला काय मिळतं?"

मला बरं वाटलं. आकड्यांत तिला रस नसतो. मी म्हणालो, "एकटा म्हणजे कसा? विधवा, अविवाहित, की घटस्फोटित? पासष्टीच्या आत की वर? प्रश्न नीट विचारायला शिक." मग मी करमुक्त रकमेचा इतिहास सांगायला घेतला. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळत नाही. ओव्हनमधून काढलेलं मक्याचं कॅसरोल निवलं. तिने मध्येच बशा उचलल्या.

"तुझा प्रश्न राहिला ना?" मी म्हणालो.

"असू दे. दुसऱ्या कुणाला विचारेन."

दुसरं कोण सांगणार आहे तिला या गावात?

२७ सप्टेंबर, गुरुवार

दुसरं कोण, ते कळलं.

वाचनालयात जुने अंक परत करायला गेलो, तर खिडकीशेजारच्या टेबलावर लव्हॉन आणि क्विग्ली. ती काहीतरी सांगत होती आणि तो पेन्सिल हातात धरून ऐकत होता. पेन्सिल चालत नव्हती, नुसता ऐकत होता. मग तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मान मागे टाकून. हे हसू मी ओळखतो. लग्नाआधी, तिची बहीण आर्डिस हिच्या अंगणात बघितलेलं आहे. त्यानंतर कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

मी अंक परत न करता निघून आलो.

संध्याकाळी विचारलं, "आज काय केलंस?"

"कापडाच्या दुकानात कामाला होते. मग थोडी वाचनालयात."

खोटं बोलली नाही. त्याचंही मला वाईट वाटलं. खोटं बोलली असती तर काहीतरी हाताशी आलं असतं.

४ ऑक्टोबर, गुरुवार

हे लिहायला लाज वाटते, पण दैनंदिनीत खोटं लिहून कुणाला फसवायचं? आज वाचनालयासमोर गाडी लावून बसलो. हातात वर्तमानपत्र. डार्ला बाहेर येऊन काचेवर टकटक करून म्हणाली, "सर, आत या ना, हीटर आहे." मी म्हणालो की मला उन्हात वाचायला आवडतं. ऊन नव्हतं.

लव्हॉन आली. हातात झाकलेलं ताट. त्यात रूबार्बच्या आंबट देठांचा भाजलेला गोड पाय. घरी तिने तो शेवटचा कधी केला होता ते मला आठवेना. मी एकदा म्हणालो होतो की आंबट होतो, तेव्हापासून बंदच झाला. दोघं आत बराच वेळ होती. ती बाहेर पडली आणि गाडीकडे न जाता मेन स्ट्रीटवरून चालत विमा कचेरीच्या दारात शिरली. तिथे तिचं काय काम? आमचा विमा मी बघतो.

म्हणजे त्याचंच काहीतरी काम करायला गेली असणार. विधुर माणूस, नवीन गाव. पडदे शिवून देणार असेल. कोपर रफू करून देणार असेल.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

क्विग्लीने त्याची चार घरं पाठवली. दुपारभर तीच घेऊन बसलो होतो.

पहिलं घर डुकरं पाळणाऱ्या नवरा-बायकोचं. दुसरं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कारखानदाराचं. दोघांनाही सिनेटरकडून बरंच मिळतं. चौथं तीन मुलांच्या तरुण आईबापांचं, तिथे गव्हर्नरबाई पुढे. माणूस निःपक्षपाती आहे, एवढं मला मान्य करावं लागेल. मान्य करताना दाढ दुखल्यासारखं झालं.

खोट आहे ती तिसऱ्या घरात. साठीच्या पुढची बाई. एकटी. शाळेच्या स्वयंपाकघराची लहानशी पेन्शन, सोशल सिक्युरिटीचं थोडं सरकारी निवृत्तिवेतन, अधूनमधून दुकानात काम आणि शिलाई. मेन स्ट्रीटवर भाड्याच्या दोन खोल्या. ती मुळात प्राप्तिकरच भरत नाही, त्यामुळे सिनेटरच्या करकपातीत तिच्या वाट्याला काही येत नाही, आणि घरभाड्याचं केंद्राचं साहाय्य गेलं तर तिचं जेमतेम भागतं. गव्हर्नर आली तर थोडा हात सैल राहतो.

अशी बाई गावात नाही. मी गावातलं प्रत्येक घर ओळखतो. निम्म्या गावाला मी शिकवलं आहे. पेटरसनबाई एकट्या आहेत, पण घर त्यांचं स्वतःचं. बाकीच्या विधवा मुलांकडे. आणि भाडं इतकं कमी लावलं आहे की हसू येतं. युक्तिवाद जमावा म्हणून गड्याने एक बाई घडवली, तिला खोल्या दिल्या आणि भाडंही आपल्याच मनाने ठरवलं.

त्याला फोन करून सांगायला हवं होतं. सहकारी म्हणून तेच योग्य होतं. फोन उचललाही होता, तेवढ्यात लव्हॉन स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकू आली. मी फोन ठेवून दिला.

सगळ्यांसमोरच सांगू.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

कालचं आज लिहितो आहे.

तळघर भरलं होतं. जिन्यावरसुद्धा लोक. डार्लाने कॉफीचा दुसरा थर्मास मागवला. आधी मी बोललो. लोकांनी शांतपणे ऐकलं. मागच्या रांगेत कुणीतरी डुलकी घेत होतं, ते नेहमीचंच.

मग क्विग्ली उठला. पहिलं घर सांगताना म्हणाला, "या घरात नवरा म्हणतो सिनेटर, बायको म्हणते गव्हर्नर, आणि डुकरांना दोन्ही सारखेच." लोक हसले. माझ्या तळघरात इतकी वर्षं कुणी हसलं नव्हतं. माणसं पुढे सरकून बसली, मध्येच प्रश्न विचारायला लागली, आणि तो त्यांना थांबवत नव्हता. मी प्रश्न शेवटी घेतो. तिसऱ्या रांगेत लव्हॉन निळा कोट घालून बसली होती. तिचे डोळे त्याच्यावरच होते.

तिसरं घर आलं आणि मी उभा राहिलो.

"एमेट, एक शंका आहे."

"बोल ना."

"ही बाई मला दाखव. या गावात ती राहते कुठे?"

त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "नावं द्यायची नाहीत असं ठरलंय, ऑरिन."

"नाव नको. पण ती आहे की नाही? दोन खोल्या या भाड्यात? लोक इथे खरे आकडे ऐकायला येतात. कल्पनेतल्या बाईवर आपण देशाचा खर्च ठरवायचा का?"

"आपण नंतर बोलू."

"आताच बोलू. हे भाडं आणलंस कुठून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला हरलेला माणूस दिसला. मी खूश झालो. ते खरं आहे म्हणून लिहितो. मी खूप खूश झालो.

तेव्हा लव्हॉन बोलली. उठली नाही. बसल्या जागेवरूनच, दुकानात गिऱ्हाइकाला कापडाचा भाव सांगावा तशी.

"भाडं बरोबर आहे, ऑरिन. विमा कचेरीच्या वरच्या खोल्या आहेत. मी विचारून आले."

मला काय वाटलं तेही लिहितो. मला वाटलं, ही त्याच्यासाठी आकडे गोळा करत हिंडते आहे. संतापाने माझा आवाज चढला. "म्हणजे याची चौकशीची कामं तू करत होतीस?"

"नाही," ती म्हणाली. "त्याने माझी केली. ते आकडे माझे आहेत."

डार्लाने प्रोजेक्टर बंद केला आणि भिंतीवरची तिसऱ्या घराची चौकट गेली. "कॉफी घ्या सगळ्यांनी," ती म्हणाली. लोक कॉफीकडे इतक्या घाईने गेले की दोघंतिघं एकमेकांवर आदळले.



२० ऑक्टोबर, शनिवार

सकाळी तिने अंडी केली, माझ्यासमोर ठेवली आणि बसली.

"मी तुला सांगणार होते. असं नव्हतं सांगायचं."

"एमेट?" मी म्हणालो.

"एमेटचं काय?"

"तुझं आणि त्याचं."

ती हसली, पण ते आर्डिसच्या अंगणातलं हसू नव्हतं. "तुला असं वाटलं होय? अरे, तो माणूस तासन्तास त्याच्या बायकोबद्दल बोलतो. एकदा मी रूबार्बचा पाय नेला, कारण त्याची बायको तो करायची."

"मग का?"

"त्याने पहिल्या दिवशी मला विचारलं, महिन्याला तुम्हाला किती लागतं? मला सांगता येईना. इतकी वर्षं संसार केला आणि मला माहीत नाही मला किती लागतं. मला हसूच आलं. सगळं तू बघतोस. घर किती गरम ठेवायचं ते तू बघतोस. आर्डिसकडे कधी जायचं ते तू बघतोस, आणि ते निवडणुकीनंतर. माझं शिलाईचं टेबल तुझ्या तक्त्यांना उजेड हवा म्हणून खाली गेलं. मला खाली दिसत नाही, ऑरिन."

"मग बोलायचं होतंस."

"बोलले. तू म्हणालास, प्रश्न नीट विचारायला शिक."

मी म्हणालो की टेबल आजच वर आणतो. ती म्हणाली, "टेबलाचं नाही रे ते."

मग तिने सांगितलं, अगदी सरळ: कुणीही निवडून आलं तरी तिला एकटीला परवडतंय का, एवढंच तिने एमेटकडून करून घेतलं. परवडतंय. सिनेटर आला तर जेमतेम, गव्हर्नर आली तर जरा बरं. पहिल्या तारखेपासून खोल्या तिच्या.

अंडी कशी होती आठवत नाही.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

क्विग्लीच्या लेकीच्या घरी गेलो. तो अंगणातली पानं गोळा करत होता. दाताळं खाली ठेवलं नाही त्याने.

"तू तिला जा म्हणालास," मी म्हणालो.

"नाही म्हणालो. राहा असंही नाही म्हणालो. तिने विचारलं ते मोजून दिलं."

"ती माझी बायको आहे हे तुला माहीत होतं."

"होतं. म्हणून मी म्हटलं, तिसरं घर गाळू या. ती म्हणाली, राहू दे, ऑरिन वाचेल. वाचून ओळखेल, आणि मग आमचं बोलणं तरी होईल." दाताळं चालतच होतं. "तू वाचलंस ना?"

वाचलं. दुपारभर. शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करायची, त्याच शाळेत मी शिकवायचो.

त्याच्या अंगणातून परत येताना मला कळलं की मला कारण म्हणून तोच हवा होता. तिला त्याने पळवलं असतं तर तो कुठे कमी आहे ते मी शोधून काढलं असतं. उंची आहे, पण पाठीत वाकलाय. दोन खोल्यांची आणि माझी तुलना कशी करायची?

३ नोव्हेंबर, शनिवार

ती परवा गेली. डार्लाच्या नवऱ्याने ट्रक आणला. तिने फार काही नेलं नाही. शिलाईचं टेबल जिन्यातून वर आणताना एक टोक मी धरलं होतं.

संध्याकाळी औषधाच्या दुकानात जायचं म्हणून मेन स्ट्रीटवरून गेलो. वर दिवा होता. तिने खिडकीला पिवळा पडदा लावला आहे. आमच्या घरी सगळे पडदे करडे, कारण मी म्हणालो होतो की करड्यावर मळ दिसत नाही. पिवळा इतका शोभतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या पडद्याचा मला राग आला. आतल्या किटलीचा आला, जी मी पाहिलेलीही नाही. मी शिकवताना मुलांना सांगायचो की मत्सर माणसाला माणसाचा वाटतो. दोन खोल्यांचा वाटू शकतो का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्याचा प्रश्न सुधारला असता.

औषध घ्यायचं राहिलं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

लूथरन चर्चच्या तळमजल्यावर मतदान. लव्हॉन माझ्या बरीच पुढे उभी होती, निळा कोट, क्विग्लीच्या लेकीशी बोलत होती. मला बघून हात केला. मीही केला.

पडद्याआड गेलो. आयुष्यभर मी मत देताना तूट पाहिली, व्याज पाहिलं, पुढची पिढी पाहिली. कधी हा पक्ष, कधी तो. आज माझ्या डोळ्यांसमोर एकच आकडा होता: त्या खोल्यांचं भाडं. सिनेटर आला तर जेमतेम. जेमतेम म्हणजे एखादा कडक हिवाळा, एखादं दुखणं. आणि मग घर आहेच की इथे.

मी सिनेटरला मत दिलं. देशासाठी नाही.

बाहेर डार्लाने 'मी मत दिलं' लिहिलेला गोल स्टिकर माझ्या कोटाला लावला आणि म्हणाली, "सर, तुम्ही कुणाला दिलंत ते आजही सांगणार नाही ना?" मी नाही म्हणालो. नेहमी हे म्हणताना मला ताठ वाटायचं.

७ नोव्हेंबर, बुधवार

सिनेटर.

आमचं राज्य तर त्याला जाणारच होतं, म्हणजे माझ्या एका मताने काही झालेलं नाही. हे मी सकाळपासून स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

फोनजवळ बसलो होतो. आला नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर तिच्याकडे गेलो. तिने बोलावलं नव्हतं. दारावर ठोठावलं. आपल्या बायकोच्या दारावर ठोठावायचं कसं, किती जोरात, ते कळेना. हळू ठोठावलं असणार, कारण दुसऱ्यांदा ठोठावावं लागलं.

"ये," ती म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या. खिडकीशी टेबल, टेबलावर गुलाबी कापडाचा ढीग. खोली लहान आहे आणि उबदार आहे. आमच्यापेक्षा उबदार.

"निकाल ऐकलास," मी म्हणालो.

"हो. एमेट म्हणाला भाड्याची मदत बहुतेक जाणार, पण लगेच नाही. मी शनिवारचंही दुकान धरलं. आणि होकस्ट्रांच्या पोरीचं लग्न आहे, त्यांचे सगळे झगे माझ्याकडे आलेत." तिने टाचण्या डबीत टाकल्या. "दमायला होतं. पण झोप लागते."

मला वाटलं होतं, मी विचारेन, परत कधी येतेस. तिथे बसल्यावर ते विचारता येईना. तिने मला कॉफी दिली. दोनच कप दिसले, दोन्ही नवे. दुसरा कुणासाठी आणला असेल असं मनात आलंच. आर्डिस, डार्ला, क्विग्ली. मी सगळ्यांना एकेक करून त्या खुर्चीत बसवून पाहिलं.

"जमेल तुला?" मी विचारलं.

तिने कापडावरून मान वर केली. मी पुढे काही बोलतो का याची ती वाट बघत होती. मी बोललो नाही. बोलायला पुष्कळ होतं. व्याजदर होते, थंडी होती. मी गप्प बसलो, आणि ते किती अवघड जातं ते मला पहिल्यांदा कळलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग कापड दुमडत, "पहिल्या आठवड्यात भीती वाटायची. जिन्यात आवाज झाला की वाटायचं तूच आलास, तक्ता घेऊन." ती हसली नाही, पण तिला हसू येत होतं. मग तिने मला सांगितलं की नळ रात्रभर ठिबकतो, की खालच्या कचेरीतला माणूस गातो आणि वाईट गातो, की खिडकीतून धान्याच्या कोठाराचा वरचा दिवा दिसतो. मी ऐकत होतो. मध्ये एकदा नळाचा वॉशर कुठला लागेल ते सांगावंसं वाटलं. कप तोंडाला लावला.

मग दारावर थाप पडली. जोरात, सवयीची. होकस्ट्रांची मुलगी आली होती, झग्याचं माप द्यायला, सोबत एक मैत्रीण जी मला ओळखत नव्हती. ती माझ्याकडे बघून थांबली.

"हा ऑरिन," लव्हॉन म्हणाली. "निघालाच आहे."

मी कोट घातला.